सावरणारे नागपूर, फ्लॅट स्कीम आणि आपले निवृत्तीचे पैसे

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या माणसांचा प्रश्न बदलला आहे. पूर्वी लोक जातवैधतेचे प्रकरण, रोखलेली बढती, अॅट्रॉसिटीची तक्रार घेऊन यायचे. आजही येतात. पण आता त्यांच्यासोबत आणखी एक माणूस येतो. रेल्वेतून, बँकेतून, पोस्टातून, आयुध निर्माणीतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालेला. हातात एखाद्या फ्लॅट स्कीमचे गुळगुळीत माहितीपत्रक. आणि प्रश्न एकच: "ग्रॅच्युइटी आली, पीएफ आला. वर्धा रोडकडे एक फ्लॅट घेऊन टाकू का? भाडं तरी येत राहील."

आम्ही म्हणजे नागपुरातले सहा-सात कार्यकर्ते. कुणी बँकेत नोकरी केली, कुणी वकिली करतो, कुणी शिक्षिका आहे. रविवारी विहारात बसतो, लोकांचे कागद वाचतो, समजेल ते सांगतो. चळवळीतल्या काही मित्रांना हा फ्लॅटचा विषय हलका वाटतो. "आपण क्रांतीच्या गोष्टी करायच्या की प्लॉट-फ्लॅटच्या?" असे ते विचारतात. आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या अनुयायांनी स्वतःच्या रुपयाचा विचार करायला लाजावे, हे कुठले आंबेडकरवाद? एका पिढीने राखीव जागेवर नोकरी मिळवून, टोमणे खाऊन, तीस-पस्तीस वर्षे घालून जमवलेला हा पैसा आहे. त्या घरात एवढी रक्कम एकत्र पहिल्यांदाच आली आहे. आणि पुढच्या पिढीला ही सोय नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू झाली नाही. कंत्राटी नोकरीत तर तोही प्रश्न येत नाही. तेव्हा हा पैसा कुठे जातो, ही घरगुती बाब नाही. हा समाजाचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात आधीच सांगून टाकतो. एकेकट्याने कर्ज काढून दुसऱ्याच्या स्कीममध्ये दुसरा फ्लॅट घेण्यात फायदा कमी आणि धोका जास्त आहे. घरात गुंतवायचेच असेल, तर दहा-बारा कुटुंबांनी मिळून एक इमारत घ्यावी, आणि तिथे भाडेकरूला आडनाव विचारू नये.

शहर सावरते म्हणजे काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहराची राजधानी गेली. पुढे महाराष्ट्र झाल्यावर वाट्याला आले हिवाळी अधिवेशन. कारखानदारी होती ती गिरण्यांची. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिथे आणि मॉडेल मिलमध्ये आपल्या वस्त्यांतली कित्येक घरे राबली. पहाटेच्या भोंग्यावर वस्ती उठायची. एम्प्रेस मिल सरकारी महामंडळाकडे गेली, आजारी पडली आणि २००२ साली कायमची बंद झाली. त्या जमिनीवर आज मॉल उभा आहे. गिरणी कामगारांची नातवंडे तिथे सुरक्षारक्षक आहेत, विक्रेते आहेत. जमिनीचे मोल वाढले, पण तिच्यावर घाम गाळलेल्यांच्या नावावर एक चौरस फूटही आला नाही.

आता शहर सावरते आहे असे सगळेच म्हणतात, आणि ते खोटे नाही. मिहान आले, आयआयएम आले, एम्स आले. २०१९ साली मेट्रो धावू लागली. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि २०२५ साली तो मुंबईच्या दारापर्यंत पोहोचला. २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. मुंबई-पुण्याच्या मानाने हे मधले शहर आहे. मुंबईत ज्या पैशात खोली येत नाही, त्यात इथे दोन बेडरूमचा फ्लॅट येतो. म्हणून बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, वर्धा रोड या पट्ट्यात क्रेन दिसतात आणि बाहेरगावचे गुंतवणूकदारही येतात.

पण सावरणाऱ्या शहराची एक रीत असते. शहर पडते तेव्हा पहिला मार कामगार वस्तीला बसतो, आणि सावरते तेव्हा शेवटचा वाटा तिला मिळतो. गिरणीच्या जमिनीने हे आपल्याला एकदा शिकवले आहे. म्हणून या वेळी कागदावर आपले नाव कुठे आहे, हे आताच पाहायला हवे.

एका फ्लॅटचा हिशेब

माहितीपत्रकात जे नसते ते कागदावर मांडून पाहू. समजा फ्लॅट ५० लाखांचा आहे. १० लाख जवळचे, ४० लाखांचे कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. मासिक हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. अशा फ्लॅटला भाडे १४ हजार मिळते असे धरू. म्हणजे दरमहा २० हजारांवर रक्कम आपल्या खिशातून. त्यात मेंटेनन्स, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंच्या मध्ये रिकामे राहणारे महिने, रंगरंगोटी वेगळी. खरेदीच्या वेळचे मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. बांधकाम सुरू असलेल्या स्कीममध्ये घेतला तर पाच टक्के जीएसटी. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला, म्हणजे ४५ लाखांच्या आत आणि नागपूरसारख्या शहरात ९० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आत असला, तर एक टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटला जीएसटी लागत नाही.

१४ हजार महिना म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार. ५० लाखांवर हे साडेतीन टक्केही होत नाहीत, तेही खर्च न धरता. कर्ज साडेआठने आणि उत्पन्न साडेतीनने! मग लोक का घेतात? किंमत वाढेल या आशेवर. किंमत वाढली तर बरे. पण साठीच्या माणसाने पेन्शनच्या जागी आशा ठेवू नये. फ्लॅट जुना होत जातो, मोल वाढते ते खालच्या जमिनीचे. आणि त्या जमिनीत आपला अविभक्त हिस्सा किती, हे विक्रीपत्रात लिहिलेले वाचणारे खरेदीदार आम्हाला फार कमी भेटले.

कर्ज न काढता सगळी ग्रॅच्युइटी घातली तर? तर हप्ता नाही, हे खरे. पण उद्या दवाखान्याची वेळ आली तर फ्लॅटची एक भिंत विकता येत नाही.

दराला जात असते

आता या हिशेबातली जी ओळ कुठलाच गुंतवणूक सल्लागार लिहीत नाही, ती लिहू.

आमच्यातल्या एका जोडप्याने मुलीच्या कॉलेजसाठी पश्चिम नागपुरात भाड्याने फ्लॅट शोधला. दोघांना पगार, डिपॉझिट तयार. दलालाने फ्लॅट दाखवला, बोलणे ठरले, मग विचारले, "पूर्ण नाव काय, सर?" आडनाव ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला, "भाऊ, घरमालकाचं काही नाही, पण बिल्डिंगमधले लोक व्हेज आहेत." तिसऱ्या ठिकाणी भिंतीवरच्या फोटोंची चौकशी झाली. कुणी जातीचे नाव तोंडातून काढले नाही. आजचा जातीयवाद फार सभ्य भाषा बोलतो.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाले, आणि त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव लपवून राहावे लागले आणि शेवटी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. कोलंबियाची पदवी असलेल्या माणसाची ही गत. शंभर वर्षांनी काठी गेली, 'व्हेज' आले.

हे फक्त आमचे अनुभव नाहीत. विदर्भाचेच सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी चौकशी करून अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलितांना नकार मिळतो, मुस्लिमांना त्याहून जास्त मिळतो, आणि ज्यांना होकार मिळतो त्यांनाही जादा अटी लागतात, असे त्यात दिसले. कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५, कलम ४. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला आडकाठी करणे हा गुन्हा आहे. पण कारण सिद्ध करायचे कसे? 'व्हेज' हे कारण अस्पृश्यता आहे, हे कोर्टात दाखवायला साक्षीदार कुठून आणायचा? दुसरीकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात एका समाजापुरते सभासदत्व ठेवण्याची उपविधी वैध ठरवली. संघटनेच्या स्वातंत्र्याच्या नावाने कुंपण घालण्याची वाट अशी मोकळी राहिली.

याचा गुंतवणुकीशी संबंध काय? थेट संबंध आहे. ज्या इमारतीत भाडेकरू आडनाव पाहून ठरतो, तिथे दर वाढतो, कारण 'चांगली वस्ती' अशी तिची जाहिरात होते. आणि इंदोरा, लष्करीबाग, पाचपावली, नारी, सुगतनगर म्हटले की गिऱ्हाईक नाक मुरडते, त्यामुळे तिथला दर दबतो. वीट तीच, सिमेंट तेच, नळाला पाणीही त्याच महापालिकेचे. मधला फरक जातीचा आहे. आपण महाग वस्तीत फ्लॅट घेतो तेव्हा तो फरक आपल्याच खिशातून भरतो. आपल्या वस्तीतले घर विकतो तेव्हाही तो आपल्याच खिशातून जातो. दोन्हीकडून आपणच.

आणि आता पाहा. मेट्रोची ऑरेंज लाइन इंदोरा चौक, नारी रोड करत ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेली आहे. ज्या भागाकडे पाहून लोक नाक मुरडत होते, त्याच्या दारात स्टेशन आले. वस्तीतल्या जुन्या घरमालकांकडे 'बयाणा घ्या, मोकळे व्हा' म्हणणारे फिरू लागले आहेत. आमची विनंती आहे, घाईने विकू नका. ज्या जमिनीला आजवर जातीने स्वस्त ठेवले, तिच्या महाग होण्याच्या वेळी आपणच बाहेर पडायचे, हे शहाणपण नाही.

एक इमारत, बारा घरांची

मग करायचे काय? आमचा प्रस्ताव साधा आहे. बारा कुटुंबांनी प्रत्येकी १० लाख घालावेत. म्हणजे १ कोटी २० लाख, कर्जाशिवाय. प्रत्येकाची उरलेली पुंजी बँकेत सुरक्षित. या पैशात वर्धा रोडला काही मोठे होणार नाही. पण मेट्रोला लागून असलेल्या जुन्या भागात छोटी इमारत किंवा एका स्कीमचे दोन मजले मिळू शकतात.

इथे आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. खर्च जाऊन चार टक्के सुटले तर वर्षाला ४ लाख ८० हजार येतील, म्हणजे प्रत्येक घराला ४० हजार. तेच १० लाख मुदत ठेवीत सात टक्क्यांनी ठेवले तर ७० हजार मिळतील. वर्षाला ३० हजार कमी! मग हे कशासाठी? एक तर ठेवीची मुद्दल वाढत नाही, जमिनीचा हिस्सा वाढू शकतो. पण खरे कारण तेवढेच नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याहून आपली मुलेमुली नागपूरला शिकायला येतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपुरासारख्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यातले राहण्यासाठी २० हजार. म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये. एवढ्या पैशात कोण खोली देते? आणि हप्ता उशिरा आला तर कोण थांबते?

आपली इमारत थांबू शकते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सहा मुली राहिल्या तर प्रत्येकीच्या २० हजारांप्रमाणे वर्षाला १ लाख २० हजार होतात, म्हणजे महिना १० हजार. साध्या वस्तीतल्या कुटुंबाच्या भाड्याच्या आसपासच ही रक्कम जाते. धर्मादाय नाही, दया नाही. फक्त हप्ता येईपर्यंत थांबण्याची तयारी आणि आडनाव न विचारण्याचा नियम. वर्षाचे ते ३० हजार या दोन गोष्टींची किंमत आहे. ती परवडते का, हे प्रत्येक घराने स्वतः ठरवावे. ज्याला परवडत नाही त्याने खुशाल मुदत ठेव करावी. त्याच्यावर आमचा राग नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र हयगय नको. सातबारा किंवा आखीव पत्रिका, अकृषक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र पाहा. जमीन नझुलाची असेल तर पट्ट्याची मुदत पाहा. लेआउट नियमित झाला आहे का, नागपूर सुधार प्रन्यासचे आरएल पत्र खरे आहे का, ते कार्यालयात जाऊन तपासा. नुसती झेरॉक्स दाखवून व्यवहार करणाऱ्यापासून लांब राहा. नवीन स्कीम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक घ्या. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे बंधन त्या कायद्याने बिल्डरवर घातले आहे. मालकी सामाईक ठेवायची, एलएलपी करायची की सहकारी संस्था, हे वकिलासोबत बसून आधीच ठरवा. एक भागीदार वारला तर वारसांचे काय आणि एकाला बाहेर पडायचे असेल तर हिस्सा कोणत्या दराने कोण घेईल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आपल्या संस्था विचारांनी कमी आणि हिशेबांनी जास्त फुटल्या आहेत. रिपब्लिकन पक्षाचे जेवढे गट झाले तेवढे इमारतीचे मजले नसतात.

आणि विक्रीपत्रावर घरातल्या बाईचे नाव असावे. महाराष्ट्रात घर महिलेच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पण सवलत नसती तरी आम्ही हेच सांगितले असते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत.

आक्षेप आणि उत्तर

पहिला आक्षेप येतो तो डाव्या बाजूने. "बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 'राज्य आणि अल्पसंख्याक'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करा म्हटले. आणि तुम्ही घरभाडे खायला सांगता?" आक्षेप वजनदार आहे. बाबासाहेबांचा तो आराखडा घटनेत आला असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती. तो आला नाही. सरकारी वसतिगृहे पुरत नाहीत आणि घरांचा बाजार जातीच्या हातात आहे. अशा वेळी खोली रिकामी ठेवून तत्त्व जपले जात नाही. खोत जन्माच्या हक्काने कुळाच्या मेहनतीतला वाटा काढायचा, आणि कुळ कोण असावे, कसे वाकावे हेही ठरवायचा. आपण पारदर्शक करार, ठरलेले भाडे, पावती आणि नोंदणी देऊ शकतो. खोती भाड्यात नसते, ती मग्रुरीत असते. सरकारी वसतिगृहांसाठीचा लढा थांबवायचा नाहीच.

दुसरा आक्षेप: "वेगळी इमारत म्हणजे पुन्हा वेगळी वस्तीच ना?" नाही. 'फक्त बौद्धांसाठी' अशी पाटी लावली तर ती वेगळी वस्ती होईल, आणि पारशी संस्थेच्या उपविधीत आणि आपल्यात फरक उरणार नाही. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, कोपऱ्यातल्या वस्तीत नव्हे. आपल्या इमारतीत मातंग मुलगा राहील, मुस्लिम मुलगी राहील, गोंड, कैकाडी, कुणबी, ब्राह्मणही राहील. भाडे वेळेवर द्या आणि जिना स्वच्छ ठेवा, एवढीच अट.

आणि हे बोलताना घरातले सत्यही बोलले पाहिजे. आपल्यातलेही काही घरमालक 'मुसलमान नको', 'अमक्या जातीचे नको' म्हणतात. अंगणात निळा झेंडा आणि दारावर जातीची चाळणी! ज्या प्रश्नाने आपल्या बापाला रस्त्यावर ठेवले, तोच प्रश्न आपण दुसऱ्याच्या बापाला विचारत असू, तर बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ करून काय उपयोग? फ्लॅटची मालकी मिळणे ही प्रगती आहे. पण मालक झाल्यावर आपण काय विचारतो, तिथे माणूस कळतो.

म्हणून निवृत्तीच्या पैशाला हात लावण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. भाडे आणि हप्ता यांचा हिशेब मी स्वतः मांडला का? विक्रीपत्रात जमिनीचा हिस्सा आणि घरातल्या बाईचे नाव आहे का? आणि माझ्या दारात उद्या एखादी परगावची मुलगी बॅग घेऊन उभी राहिली, तर मी तिला भाडे किती ते सांगेन, की आडनाव विचारेन?

पहिल्या दोन प्रश्नांत आम्ही मदत करू, कागद घेऊन या. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने द्यायचे आहे.

जय भीम!